पालथा पेला

पवईत, सहाव्या मजल्यावर, रात्री पावणेदोनला
समोरच्या टेबलावरचा पडदा काळा होतो.
मेलेला नाही, झोपवलाय.
मीच लिहिलंय तसं: पाच सेकंद कुणी हात लावला नाही
तर घड्याळ थांबव, वीज सोड, पड.

झोपेत काही विचारलं
तर तो गप्प राहत नाही, हीच पंचाईत.
सगळे बिट एकदम एक करून देतो,
तापात बरळावं तसं: हो हो हो हो हो,
आणि वरचा प्रोग्राम बिचारा ते खरं मानतो.
म्हणून प्रत्येक दाराशी मी एक चौकशी बसवली:
जागा आहेस ना?

बेनाफरने ती परत पाठवली.
ओळ एकशे बारा, समासात एवढंच:
"विचारायला तू त्याला उठवतेयस, डिकरी."

खरंच की.
माझी चौकशी आधी वीज द्यायची, मग विचारायची.
उत्तर दर वेळी "जागा आहे",
आणि बॅटरी सकाळपर्यंत कोरडी.

घरी, कन्नमवार नगरात, आई हेच करायची.
बाबा भांडुपच्या पंपावरून साडेसातला येत,
आठला आडवे होत, नऊला ती पडद्याआडून हळूच:
"अहो, झोपलात का?"
"नाही," म्हणत बाबा उठून बसत.
कित्येक वर्षं आमच्या घरात
कुणी दिवसा झोपल्याची नोंदच नाही.

मग कधीतरी पेला आला.
स्टीलचा, बाजूवर "शेवंतामावशीकडून" कोरलेलं.
पाणी पिऊन बाबा तो ओट्यावर पालथा ठेवत: झोपलो.
सुलटा: उठलो.
गॅसवाला, सोसायटीची पावती, वरच्या मजल्यावरच्या तांडेलकाकू,
सगळं पेल्याकडे बघून ठरायचं.
दुसऱ्या कुणी आधीच उठवलं असेल
तर आपलंही उरकून घ्यायचं,
नसेल तर चिठ्ठी ठेवून निघायचं.

मी तेच लिहिते.
बाहेर एक आकडा ठेवते, किती जणांना तो जागा हवाय.
शून्य असेल तर हात लावू नको, मागे फिर.
वर असेल तर आपला एक मिळव, काम कर,
जाताना आपला एक काढून घे.
जाताना. तिथेच विसरतात लोक.

तीन वाजता आकडा एकावर अडकलेला सापडतो.
पडदा काळा, समोर कुणी नाही,
पण चिपवर बोट टेकवलं तर ऊब.
शोधत जाते. चूक झाली की लवकर बाहेर पडणारी एक वाट,
आणि त्या वाटेवर परत ठेवायची ओळच नाही.
लिहिणारी मीच, मार्चमधली.

ती ओळ घालताना आठवतं
बारावीच्या सुट्टीतलं.
पेला पालथा. मी चपला हातात घेऊन आत गेले
तर बाबा भिंतीला टेकून बसलेले, डोळे उघडे,
मांडीवर व्हॉल्व्हची किल्ली, जी घरी आणायची नसते.
त्या महिन्यात पंपावरचे गावितकाका गेले होते.
बाबांना मी दिसले नाही. किंवा दिसले.
मी पुन्हा ओट्यापाशी आले,
पेला पाहिला,
आणि त्याच्यावर विश्वास ठेवला.
दार ओढून घेतलं.

सव्वापाच. बेनाफरचा होकार येतो, सोबत एक अंगठा.
पडदा झोपतो, आकडा शून्य, चिप थंड.
रिक्षा गांधीनगरवरून उतरते,
दूधवाले क्रेट आपटतायत.

बाबा निवृत्त होऊन चार वर्षं झाली.
रात्रभर जागतात अजून. पेलाही तोच,
ओट्यावर, पालथा.
आज मी त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करते
आणि पडद्याआडून, आईच्याच सुरात:
"बाबा, झोपलात का?"

"नाही," म्हणतात ते,
आणि भिंतीकडे सरकून
जागा करतात.